अहरोन आणि हूर यांचं काम

(वार्षिक मदतनीस मेळाव्यात धडगाव भागात सेवा करणाऱ्या आमच्या सामाजिक कार्यकर्त्या भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या ठिकाणी मी वसतिगृह, शिवणवर्ग आणि पाण्याच्या टाक्यांचा हिशेब देते. तो यंदा छापील अहवालात आहे, घरी नेऊन वाचा. आज मला एका खांद्याविषयी बोलायचं आहे. दीड वर्षापूर्वी उपवासकाळात तुम्ही "हाताच्या ऑपरेशनसाठी" म्हणून खास अर्पण दिलं होतं. त्यानंतर तुमच्यापैकी अनेकांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "ताई, त्या मुलाचा हात बरा झाला का?" फोनवर मी दर वेळी "प्रार्थना करत राहा" एवढंच म्हणाले, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. ते आज देते.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायातला प्रसंग तुम्हाला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. रफीदीम इथं अमालेकी लोकांशी लढाई चालली आहे, यहोशवा खाली मैदानात आहे आणि मोशे टेकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते आणि खाली आले की अमालेकाची. मग मोशेचे हात भरून येतात. अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा देतात, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने त्याचे हात धरून ठेवतात, ते थेट सूर्य मावळेपर्यंत. या अध्यायावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आणि बहुतेक सगळे मोशेच्या प्रार्थनेवर होते. ते योग्यच आहे. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात असल्यापासून मला वाटत आलं आहे, की त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत नेमकं काय सोसलं असेल याचा कोणी फारसा विचार करत नाही. दुसऱ्याचा हात तासन्तास धरून ठेवणं फार कंटाळवाणं काम आहे. हे मी गेली दीड वर्षं पाहते आहे.

आता त्या तरुणाविषयी. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याची तशी इच्छा आहे. वय चोवीस, घरी बायको, एक लहान मुलगा आणि आई. जानेवारीत बाजाराहून येताना घाटातल्या वळणावर खडीवरून मोटरसायकल घसरली. तो उजव्या खांद्यावर पडला आणि मान डावीकडे ताणली गेली. डोकं वाचलं, हासळीचं हाड मोडलं. ज्या दवाखान्यात त्याला आधी नेलं तिथं हाडाचा फोटो काढला, हात झोळीत बांधला आणि सांगितलं, हाड जुळलं की हात चालेल. सहा आठवड्यांत हाड जुळलं, पण हात लोंबतच राहिला. बोटं हलत होती, मूठ वळत होती, पण खांदा उचलत नव्हता आणि कोपर वाकत नव्हता. पुन्हा गेल्यावर उत्तर मिळालं, "येईल हळूहळू." त्यात आणखी दीड महिना गेला.

आपल्याकडे रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि मज्जातंतू या सगळ्यालाच नस म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. इथं प्रश्न मज्जातंतूचा होता. मानेच्या मणक्यांमधून पाच मुळं निघतात, ती हासळीच्या हाडामागे एकमेकांत गुंफली जातात आणि त्यांच्या फांद्या हाताला जातात. माणूस खांद्यावर आपटून मान विरुद्ध बाजूला ताणली गेली, की वरची दोन मुळं आधी ओढली जातात. खांदा उचलणं, हात बाहेर वळवणं आणि कोपर वाकवणं ही कामं मुख्यतः याच दोन मुळांची आहेत. नुसता धक्का बसला असेल तर काही आठवड्यांत ती आपोआप जागी होतात. म्हणून डॉक्टर तीन महिन्यांपर्यंत थांबतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्या काळात विजेची तपासणी, म्हणजे ईएमजी, करून घ्यायला हवी. इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी ती केली की पुष्कळ कळतं. आणि थांबायचं असलं तरी खांद्याचा सांधा रोज हलवत ठेवावा लागतो. या मुलाच्या बाबतीत दोन्ही झालं नव्हतं. एप्रिलमध्ये तो आमच्याकडे आला तेव्हा खांदा आखडू लागला होता आणि वरचा गोल स्नायू इतका वाळला होता की हाडाचं टोक दिसत होतं.

घाई कशाची, असं त्याच्या मामाने मला विचारलं. घाई स्नायूची असते. मज्जातंतूचा संदेश बंद झाला की स्नायू वाळत जातो, आणि साधारण एक ते दीड वर्षानंतर मज्जातंतू परत येऊन पोहोचला तरी तो त्याला स्वीकारत नाही. तुटलेला मज्जातंतू जोडल्यावर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, महिन्याला एक इंच धरा. तेव्हा हिशेब उलटा करायचा असतो. वाट लांबची आणि दार बंद होण्याची वेळ ठरलेली, म्हणून निघायचं लवकर. ऑपरेशन शक्यतो सहा महिन्यांच्या आत व्हावं असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. धडगावहून एसटीने घाट उतरून शहाद्याला, तिथून नंदुरबारला आणि पुढे रेल्वेने मुंबईला असा तो प्रवास आहे. आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद करणं, तारीख मिळवणं, पलंग मिळवणं यात आणखी वेळ गेला. तुमचं अर्पण तेव्हा हाताशी होतं म्हणून एकही तारीख चुकली नाही. जूनमध्ये, अपघातानंतर पाचव्या महिन्यात, ऑपरेशन झालं.

त्या ऑपरेशनमध्ये काय केलं ते मी त्याच्या आईला पाटाच्या पाण्याचं उदाहरण देऊन सांगितलं. वरचा पाट फुटला आहे आणि तो पुन्हा बांधता येण्यासारखा नाही. मग शेजारच्या वाहत्या पाटाची एक बारीक फांदी काढून सुकलेल्या शेताकडे वळवायची. शेजाऱ्याचं शेत वाळणार नाही एवढंच पाणी घ्यायचं. डॉक्टरांनी खांदे उडवणाऱ्या मज्जातंतूची पुढची फांदी खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना जोडली. कोपर सरळ करणाऱ्या मज्जातंतूची एक फांदी खांद्यावरच्या गोल स्नायूला दिली, आणि पंजाकडे जाणाऱ्या मज्जातंतूतला एक बारीक धागा कोपर वाकवणाऱ्या स्नायूला. मावशींना हे लगेच समजलं. त्या म्हणाल्या, "मग शेजाऱ्याने पाणी सोडलं तरच आपलं शेत भिजेल ना?" अगदी तसंच आहे. सुरुवातीला खांदा उचलायचा असेल तर त्याने मनात कोपर सरळ करायचा आणि खांदा कानाकडे उडवायचा. मेंदूला जुनी वाट माहीत असते, नवी शिकवावी लागते. हे शिकवणं रोजचं आहे, आणि स्नायू एकदाही हलत नसताना ते करायचं आहे.

इथं वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड आठवतात. त्यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, डोंगराळ लोकांमध्ये सेवा करणाऱ्या मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. एका स्नायूची दोरी काढून दुसऱ्या कामाला जोडायची अशी ती पद्धत. हात उघडले, पण पुढे निराळीच अडचण आली. बरी झालेली बोटं घेऊन परत गेलेल्या माणसाला भीकही पूर्वीइतकी मिळेना आणि काम तर कोणी देईना. तेव्हा त्यांनी ऑपरेशन झालेल्या लोकांसाठी राहण्याची आणि सुतारकामासारखे धंदे शिकण्याची सोय केली. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचे पाय १९५४ च्या अपघातात कायमचे गेले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला. मिशनच्या वैद्यकीय सेवेतला हा भाग आपल्या मंडळ्यांत कमी सांगितला जातो, असं माझं मत आहे. ऑपरेशनचा फोटो काढता येतो. व्यायामाचा फोटो कोण लावणार?

ऑपरेशननंतर हात काही आठवडे बांधून ठेवला. नवी जोड ताणली जाऊ नये म्हणून. मग व्यायाम सुरू झाले. मुंबईच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी त्याच्या बायकोला आणि आईला समोर बसवून ते शिकवले, कारण दर आठवड्याला मुंबईला येणं कोणाला जमणार? पाठीवर निजून चांगल्या हाताने दुखरा हात डोक्याकडे न्यायचा. कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेर वळवायचा. हे बाहेर वळवणं लोक विसरतात, आणि खांदा आखडतो तो आधी तिथंच. घराच्या आढ्याला दोरी टाकून आम्ही कप्पी बांधली, विहिरीवरचीच जुनी कप्पी होती. हात लोंबला की त्याच्या वजनाने सांधा निसटतो, म्हणून चालताना झोळी हवी, पण दिवसभर झोळीतच ठेवला तर सांधा धरतो. काखेत हात घालून त्याला उठवायचं नाही, हिसका द्यायचा नाही, तेल लावून जोराने ओढायचं नाही. हे सगळं मी पाड्यावरच्या प्रत्येक घरी सांगितलं, कारण आमच्याकडे मदत करणारे पुष्कळ आणि ओढून पाहणारे त्याहून पुष्कळ. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे त्याला स्पर्श नीट कळत नव्हता. एकदा चुलीपाशी बसला असताना बाहीतून भाजलं आणि फोड आल्यावर समजलं. तेव्हापासून त्याची बसायची जागा बदलली.

रात्री त्याला कळा यायच्या, करंट बसल्यासारख्या. अशा दुखण्याला साध्या गोळ्या लागू पडत नाहीत, मज्जातंतूच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात आणि ती मध्येच बंद करायची नसतात. ती संपली की आणायला शहाद्याला जावं लागे.

नोव्हेंबरमध्ये कोपर किंचित हलला. पाड्यावर आनंद झाला, रविवारच्या उपासनेत त्याने उभं राहून साक्ष दिली. पण खांदा तसाच. कोपर बहुधा लवकर येतो आणि खांदा मागे राहतो. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि रोज सकाळी पाहणं वेगळं. आणि नेमका तेव्हाच ऊसतोडीचा मुकादम आला. आमच्या भागातून दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत जातात. घरात दाणा नव्हता. मुकादमाने बायकोला आणि आईला उचल द्यायची तयारी दाखवली. हा म्हणे तिथं पोर सांभाळेल. म्हणजे उसाच्या फडावर, प्लॅस्टिकच्या झोपडीत, कप्पी नाही, व्यायाम करून घेणारं कोणी नाही आणि तारखेला मुंबईला जाणंही नाही. पुढचे पाच महिने हेच तर खांद्याचे महिने होते. तेवढ्यात सांधा आखडला असता, तर मज्जातंतू वेळेवर पोहोचूनही हात उचलला नसता.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट झाली आणि ती मला मंडळी म्हणून आपल्यासमोर ठेवायची आहे. एका प्रार्थनासभेत कोणीतरी त्याला म्हणालं, प्रभूने वाळलेल्या हाताचा मनुष्य एका शब्दाने बरा केला, तुझा होत नाही म्हणजे तुझ्या विश्वासात काहीतरी कमी आहे. तो दोन दिवस व्यायामाला उठला नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायातला तो चमत्कार मी मनापासून मानते. सभास्थानात त्या माणसाचा हात तिथल्या तिथं बरा झाला. पण प्रभूने त्या माणसाकडून आधी विश्वासाची परीक्षा घेतल्याचं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. राग आला तो बघणाऱ्यांच्या कठीण अंतःकरणाचा. आणि मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोनाने त्याला उपदेश केला नाही, बसायला धोंडा दिला. मी त्या घरी जाऊन एवढंच सांगितलं, की देवाने एखाद्याला एका क्षणात दिलं आणि तुला रोज एक मिलिमीटर देतो आहे, तर तो मिलिमीटर नाकारू नकोस. पाळकांनी पुढच्या रविवारी याच विषयावर उपदेश केला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मुकादमाचा प्रश्न उपदेशाने सुटला नसता. तो सुटला ज्वारी आणि पगाराने. त्याच्या बायकोला आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तुमच्या हंगामाच्या सणाच्या अर्पणातून आलेलं धान्य त्या घरी गेलं. कुटुंब पाड्यावर राहिलं.

मार्चमध्ये, मोहफुलं वेचायचे दिवस होते, मावशी रोजच्यासारखं व्यायाम करून घेत होत्या. तो डाव्या कुशीवर निजलेला. शेजारी फळी, तिच्यावर पावडर टाकलेली आणि फळीवर उजवा हात, म्हणजे हाताचं वजन खांद्यावर येत नाही. मावशींचा तळवा त्याच्या खांद्यावर. त्यांनी मला निरोप पाठवला की कातडीखाली अळी वळवळल्यासारखं झालं. मी गेले, माझ्या हाताला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मलाही ते जाणवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायूत संदेश पोहोचला आहे. ऑपरेशनपासून हा नववा महिना होता.

आता सोळा महिने झाले आहेत. तर, हात बरा झाला का? समोरून तो हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेतो. बाजूने त्याहून थोडा कमी. बाहेर वळवण्याची ताकद अजून अशक्त आहे, म्हणून केस विंचरताना तो डोकं खाली आणतो. कोपर चांगला वाकतो, पाण्याची कळशी धरून उचलतो. डोक्यावर भारा चढवू शकत नाही, झाडावर चढू नये असं त्याला सांगितलं आहे. खांदा उचलताना मनात कोपर सरळ करण्याची युक्ती आता बहुतेक वेळा लागत नाही, आपोआप होतं. दोन वर्षांपर्यंत आणि काहींना त्यानंतरही थोडी थोडी सुधारणा होत राहते. पूर्वीसारखा खांदा होणार नाही, हे त्याला माहीत आहे. त्याने मला विचारलं होतं तेव्हा मी ते स्पष्ट सांगितलं. सध्या तो वसतिगृहाच्या भाजीच्या मळ्यात काम करतो आणि मुलाला उजव्या हाताने कडेवर घेतो. हे दुसरं त्याने मला मुद्दाम दाखवलं.

आता मागणं. उपवासकाळात ऑपरेशनसाठी पाकिटं भरभरून आली. नंतरच्या वर्षात याच कामासाठी आलेल्या रकमा मोजक्या होत्या. मी तक्रार करत नाही, माणसाचं मन तसंच असतं. पण रुग्णासोबत एका माणसाचं भाडं, मुंबईत मुक्काम, औषधं, व्यायाम करून घेणाऱ्या घरच्या माणसाची बुडालेली मजुरी हा खर्च दोन वर्षं चालतो. यासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम देणारी कुटुंबं हवी आहेत, लहान रक्कम असली तरी चालेल. आणखी एक. तुमच्या शेजारात, नात्यात कोणी मोटरसायकलवरून पडलं आणि हाड जुळूनही हात उचलत नसेल, तर "येईल" म्हणून बसू नका, मज्जातंतूची तपासणी करायला सांगा. हे आदिवासी भागापुरतं नाही.

आमच्याकडे आता दुसरी रुग्ण आहे. पस्तिशीतली बाई, मानेत क्षयाच्या गाठी झाल्या होत्या. त्यातली एक गाठ तपासणीसाठी काढली आणि त्यानंतर तिचा डावा खांदा उतरला, हात खांद्याच्या वर जात नाही. मानेच्या त्या भागात खांदा उडवणारा मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो, गाठ काढताना त्याला इजा होऊ शकते. क्षयाच्या गोळ्या तिच्या चालू आहेत आणि त्या ती पुऱ्या करणार आहे. गाठ काढून सात आठवडेच झालेत, म्हणजे या वेळी आम्ही लवकर आहोत. पुढच्या मंगळवारी तिची मुंबईत तपासणी आहे. ती कधी नंदुरबारच्या पुढे गेलेली नाही आणि तिच्याबरोबर घरचं कोणी येऊ शकत नाही. मुंबईच्या भगिनींपैकी स्टेशनवर येऊन दिवसभर तिच्यासोबत थांबू शकेल अशी एक जण हवी आहे, आणि शक्य असेल तर पुढच्या तारखांनाही तीच. चहाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलापाशी वही घेऊन बसते आहे.